पानिपत, पालखेड, पटपडगंज: लढाईचं वजन कशावर ठरवायचं?

दर वर्षी जानेवारी आला की पानिपतावर भरभरून लिहिलं जातं, आणि बहुतेक लेखांत एक विधान हमखास असतं: पानिपतात मराठेशाहीचा कणा मोडला. मला हे पटत नाही. पानिपताचं दुःख खरं आहे. घराघरांतली माणसं गेली, पण दुःख किती मोठं आणि परिणाम किती मोठा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आधी तारखा बघू. पानिपतची लढाई मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात १४ जानेवारी १७६१ ला झाली. फेब्रुवारी १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली परत घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम महादजी शिंद्यांच्या बंदोबस्तात दिल्लीत आला. म्हणजे इतक्या मोठ्या संहारानंतर दिल्ली दहा वर्षांत परत हाती आली. याउलट ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेच्या पूर्वेला पटपडगंजजवळ इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांच्या कवायती (युरोपियन पद्धतीने शिकवलेल्या) पलटणी मोडल्या. त्यानंतर दिल्लीचा कारभार मराठ्यांकडे पुन्हा कधीच आला नाही. पुढच्या वर्षी यशवंतराव होळकरांनी दिल्लीला वेढा घातला, पण शहर काही मिळालं नाही. पटपडगंजात मेलेल्यांची संख्या पानिपतच्या जवळपासही जात नाही, तरी परिणामात मी तीच लढाई वर ठेवतो. असं का, ते सविस्तर सांगतो.

दोन लढाया शेजारी ठेवायच्या असतील तर मी आधी तह वाचतो, रणांगणाचा नकाशा नंतर. तहात कोणता मुलूख, कोणते किल्ले आणि कोणते हक्क गेले, ते लिहून काढायचं. मग त्या मुलखाचा महसूल पाहायचा आणि त्यावर आधी कोणाची फौज पोसली जात होती ते शोधायचं. तिसरी गोष्ट, हरलेल्या बाजूला तेवढंच सैन्य पुन्हा उभं करायला किती वर्षं लागली. चौथी, जिंकणाऱ्याला जिंकलेलं टिकवता आलं का. यातली दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक तुलनांमध्ये दिसत नाही. अठराव्या शतकातलं सैन्य मुलखाच्या वसुलीवर चालायचं. पगार थकला की गारदी, म्हणजे भाडोत्री कवायती पायदळ, दाराशी धरणं धरून बसायचे, घोडदळ घरी जायचं. फौज मेली तर वसुलीतून दुसरी उभी करता येते. वसुलीचा मुलूखच गेला की ती सोय उरत नाही.

पानिपतात हेच दिसतं. विश्वासराव, सदाशिवरावभाऊ, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी, यशवंतराव पवार, तुकोजी शिंदे असे एकापेक्षा एक माणूस गेले. जून १७६१ मध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. निजामाने संधी साधून पुण्याच्या दिशेने चाल केली, म्हैसुरात हैदर डोकं वर काढू लागला. पण दख्खनचा मुलूख, कोकण, माळवा, गुजरातचा हिस्सा, यांपैकी काहीही कोणत्या तहाने अब्दालीला गेलं नाही. वसुलीचं यंत्र जागेवर होतं. म्हणून १० ऑगस्ट १७६३ ला, म्हणजे अडीच वर्षांच्या थोडं पुढे, माधवराव पेशवे राक्षसभुवनला निजामाची फौज बुडवू शकले आणि तीत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. अब्दालीचं पाहिलं तर तो मार्च १७६१ मध्ये दिल्लीहून परत फिरला. पंजाब त्यालाही लाभला नाही, १७६५ मध्ये लाहोर शीख सरदारांच्या हाती गेलं.

मग पानिपतचा टिकलेला परिणाम कोणता? माझ्या मते तो उत्तरेतल्या मराठ्यांच्या पुढच्या चार-पाच वर्षांच्या गैरहजेरीत आहे. २२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सरला मेजर हेक्टर मन्रोच्या साधारण सात हजारांच्या फौजेने शुजाउद्दौला, मीर कासीम आणि शाहआलम यांच्या एकत्र फौजेला हरवलं. हाच शुजाउद्दौला, अवधचा नवाब, पावणेचार वर्षांपूर्वी पानिपतात अब्दालीच्या बाजूला उभा होता. १२ ऑगस्ट १७६५ ला अलाहाबादला शाहआलमने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी (महसूल वसुलीचा हक्क) दिली, बदल्यात बादशहाला वर्षाला २६ लाख रुपये ठरले. शुजाकडून ५० लाख खंडणी घेतली. हे सगळं ठरत असताना उत्तरेत मराठ्यांची अशी फौज नव्हती, जिचा विचार इंग्रजांना करावा लागला असता. मल्हारराव होळकर शुजाच्या मदतीला गेले खरे, पण मे १७६५ मध्ये कोऱ्याला इंग्रजांच्या तोफांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली. पानिपत झालं नसतं तर बक्सरचा निकाल बदलला असता, असं मी म्हणणार नाही. पण बक्सरनंतरचा तह इतक्या सहज झाला नसता, एवढं मला नक्की वाटतं.

इथेच प्लासीचाही हिशेब करून टाकू. प्लासीला २३ जून १७५७ ला कंपनीच्या क्लाइव्हकडे तीनेक हजार माणसं होती, बंगालच्या नवाबाकडे पन्नास हजारांच्या आसपास. कंपनीचे मेलेले लोक पंचविसाच्या आत. दुपारी पाऊस आला, नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली, मीर मदन पडला आणि मीर जाफरची तुकडी हललीच नाही. लढाई म्हणून ती फार किरकोळ होती. तिने नवाब बदलला आणि कंपनीला चोवीस परगण्यांची जमीनदारी मिळवून दिली. बक्सरने दिवाणी, म्हणजे तीन सुभ्यांचा महसूल कायमचा दिला. शाळेच्या पुस्तकांत प्लासी पहिली येते म्हणून तिचं नाव मोठं झालं. तहनाम्यावर तोललं तर बक्सर भारी पडते.

एकच शत्रू, दोन विजय

लढाईत नाव होणं आणि परिणाम होणं यांतलं अंतर पाहायचं असेल तर पालखेड आणि खर्डा ही जोडी घ्यावी. दोन्हीकडे समोर निजाम, दोन्हीकडे तो पाण्यावाचून अडला, दोन्हीकडे प्राणहानी थोडी आणि विजय मराठ्यांचा.

१७२७-२८ मध्ये निजामुल्मुल्काने कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरलं होतं. छत्रपती कोण हा वाद उभा करून चौथाई-सरदेशमुखी थकवायची, असा त्याचा डाव होता. तो पुण्यापर्यंत आला. बाजीराव पुणे सोडवायला धावले नाहीत. जालना, बुऱ्हाणपूरचा रोख, मग गुजरात असे ते निजामाच्याच मुलखात फिरत राहिले आणि त्याला पाठलागावर काढलं. इथे निजामाची चूक झाली. वेगाने गाठायचं म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या. त्याची खरी ताकद तोफखान्यात होती, आणि मैदानी घोडदळाच्या पाठीमागे धावताना तोच हाताशी नव्हता. वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात बाजीरावांच्या स्वारांनी त्याला घेरलं. पाण्याच्या जागा धरल्या, चारा आणि दाणा तोडला. छावणीत जनावरं तहानेने तडफडू लागली तेव्हा निजाम बोलणीला आला. पालखेडची तारीख २८ फेब्रुवारी १७२८. मुंगी-शेवगावचा तह ६ मार्चचा. शाहू हेच छत्रपती, आणि दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्यांचाच, हे निजामाने मान्य केलं.

चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे वर दहा टक्के. १७१९ च्या बादशाही सनदेने हे हक्क कागदावर मिळालेच होते. पालखेडने ते वसूल करण्याची वाट मोकळी केली. गावोगाव मराठ्यांचे कमाविसदार (वसुली अधिकारी) बसले, दर हंगामाला वसुली सुरू झाली. पुढच्या दशकात माळव्यात जे सैन्य गेलं त्याला पाठीमागून दख्खनचा धोका राहिला नाही.

खर्ड्याला, ११ मार्च १७९५ ला, मराठ्यांची फौज लाखाच्या वर होती. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन सगळे एकत्र आले, आणि तसं एकत्र येणं पुन्हा कधी झालं नाही. निजामअली खर्ड्याच्या छोट्या गढीत अडकला. तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला आणि मोठा मुलूख द्यायचं कबूल झालं. त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क ओलीस म्हणून पुण्यात आला. कागदावर पालखेडपेक्षा हा तह कितीतरी मोठा. पण त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीवरून खेचाखेच सुरू झाली, आणि १७९६ मध्ये नाना फडणवीसांनी स्वतःच्या बाजूला माणूस हवा म्हणून मुशीरुल्मुल्काला सोडलं. तहातली बहुतेक कलमं त्याला परत दिली गेली. इंग्रजांनी खर्ड्याच्या वेळी तटस्थ राहून निजामाला मदत नाकारली होती. तरी १ सप्टेंबर १७९८ ला निजामाने त्यांचीच तैनाती फौज, म्हणजे त्याच्या खर्चाने राहणारी इंग्रजी फौज, घेतली, आणि मराठ्यांनी त्याच्यावर पुन्हा चाल करण्याचा मार्ग बंद झाला.

फरक तहाच्या बांधणीतच आहे. मुंगी-शेवगावच्या तहात दरवर्षी येणारा हक्क होता आणि तो गोळा करणारी माणसं खाली गावात बसली होती. खर्ड्याचा तह एकरकमी पैशाचा होता आणि त्याची अंमलबजावणी पुण्यातल्या दरबाराच्या एकजुटीवर अवलंबून होती. तहाचं कलम वाचताना म्हणूनच विचारायचं, की हे कोण वसूल करणार आणि किती वर्षं.

आकड्यांशी जपून

तुलनेत सगळ्यांत जास्त घोटाळा आकड्यांत होतो. पानिपतचंच पाहा. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने मराठ्यांचे ५५,००० स्वार, १५,००० पायदळ आणि वर १५,००० पेंढारी सांगितले. जदुनाथ सरकारांनी लढणारे मराठे ४५,००० आणि अब्दालीकडचे ६०,००० धरले. दोघांच्या मराठी आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. यात कोणीतरी खोटं बोलतंय असं समजू नये. फौजेबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं, सईस, बैलवाले असत आणि ते लाखाच्या घरात जात. कोण लढणारा आणि कोण नाही, ही रेघ प्रत्येकाने वेगळीकडे ओढली. म्हणून दोन लढायांतले मृत मोजताना आधी ठरवायचं की लढणारे मोजतोय की छावणी. एका लढाईतले छावणीचे मृत दुसरीतल्या शिपायांच्या मृतांशी ताडले की सगळी तुलना फसते.

मुलखाचंही तसंच. उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये निजामाकडून सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळाला असं आपण लिहितो. ते ६० लाख म्हणजे कागदावरचा तनखा, महसुलाची ठरवलेली आकारणी. हाती येणारी वसुली त्याहून बरीच कमी, कारण कित्येक परगण्यांत दुअंमल असे, म्हणजे दोन्ही सरकारांचे लोक एकाच गावातून आपापला हिस्सा मागत. दुष्काळ आणि लष्कराची ये-जा यांची सूट वेगळी. शिवाय चलन सारखं आहे का ते पाहायचं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी दिलेले २३ किल्ले आणि त्यांचा मुलूख चार लाख होनांचा होता. होन सोन्याचा, रुपयाच्या तीन-साडेतीन पट. हे न बदलता चार लाख आणि ६० लाख शेजारी मांडले तर पुरंदरचा तह उगाच किरकोळ दिसतो.

तारखांचंही एक सांगतो, कारण "तहाआधी की तहानंतर" यावर पुष्कळ काही ठरतं. मराठी पत्रांत शुहूर सन असतो आणि तो मृगाला बदलतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. पत्र मृगानंतरचं आणि डिसेंबरपर्यंतचं असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं असेल तर ६००. पानिपत ११६१ मध्ये येतं, म्हणून १७६१. शकात ७८ मिळवतात, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी शके १६८२. सवयीने ७८ मिळवले तर १७६० येतं आणि उदगीर, दिल्ली, कुंजपुरा सगळा क्रम उलटापालटा होतो. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी पत्रांत जुनं पंचांग असल्यामुळे सतराव्या शतकात दहा दिवसांचा आणि अठराव्यात अकरा दिवसांचा फरक पडतो, तोही ध्यानात ठेवावा.

दोन लढायांमधले दिवस मोजणंही फार उपयोगी पडतं. प्रतापगड १० नोव्हेंबर १६५९, पन्हाळा ताब्यात २८ नोव्हेंबर. अठरा दिवस. अफजलखानाच्या वधाइतकाच हा वेग महत्त्वाचा आहे. विजापूरला दुसरी फौज उभी करायला वेळ मिळण्याआधी दक्षिणेकडचा मोठा किल्ला हातात आला होता.

हडपसर ते सुर्जी-अंजनगाव

आता माझ्या दाव्याच्या दुसऱ्या टोकाकडे येतो. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसर-वानवडीच्या मैदानात शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेला हरवलं. निर्णायक घाव यशवंतरावांनी स्वतः पुढे होऊन घातलेल्या घोडदळाच्या हल्ल्याने बसला. त्याच दिवशी पेशव्यांकडून इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज याला तैनाती फौज घेण्याची तयारी कळवली गेली. बाजीराव सिंहगडमार्गे कोकणात उतरला, महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजी जहाजाने डिसेंबरात वसईला पोचला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. किमान सहा हजार कंपनीचं पायदळ, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणत्या दरबाराशी बोलणी नाहीत, निजाम आणि गायकवाडांवरच्या दाव्यांत लवाद इंग्रजांचा.

कुणी म्हणेल, हा परिणाम लढाईचा नाही, बाजीरावाच्या पळण्याचा आहे. आक्षेप योग्य आहे. पण १७९८ पासून इंग्रज हीच तैनाती फौज त्याच्या गळ्यात बांधायला बघत होते आणि तो टाळत होता. हडपसरने त्याच्याकडे टाळायला जागा ठेवली नाही. आणखी एक, या लढाईत दोन्ही बाजूंना जे मेले ते मराठ्यांचेच कवायती शिपाई आणि तोफखानेवाले होते. अकरा महिन्यांनी असईला ती माणसं हवी होती.

असई, २३ सप्टेंबर १८०३. वसईच्या तहानंतरच्या युद्धात इथे एका बाजूला इंग्रज आणि दुसऱ्या बाजूला शिंदे-भोसले होते. जालना जिल्ह्यातलं हे गाव कैलना आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं की पुढे उतार नाही. त्याने समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं पाहिली, आणि दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत तर मधे उतार असणारच, असा तर्क केला. उतार होता. तो मराठ्यांच्या डाव्या बगलेकडे निघाला, पण शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपियन पोलमनच्या पलटणींनी झपाट्याने तोंड फिरवून नवी ओळ धरली आणि शंभराच्या आसपास तोफांनी मारा सुरू केला. वेलस्लीची उजवीकडची टेहळणी पथकं वाट चुकून थेट असई गावावर गेली, त्यांच्या मागे ७४ वी पलटण गेली आणि तिथे ती कापली गेली. रणात उतरलेल्या साडेचार हजारांपैकी १,५८४ मेलेले, जखमी किंवा बेपत्ता. मराठ्यांच्या ९८ तोफा पडल्या. शिंदे-भोसल्यांचं घोडदळ मात्र जवळजवळ लढलंच नाही, आणि ही गोष्ट माझ्या मनाला अजून लागते.

असई इतकी गाजली ती वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला म्हणून. पण ३० डिसेंबर १८०३ चा सुर्जी-अंजनगावचा तह उघडून पाहा. शिंद्यांनी दिलेल्या मुलखात सगळ्यांत वजनदार कलम गंगा-यमुनेच्या दुआबाचं आहे, त्याबरोबर दिल्ली आणि आग्रा, मग भडोच आणि अहमदनगर. बादशहावरचे सर्व हक्कही सोडले. दुआब असईला गेला नाही. तो ४ सप्टेंबरला अलीगड, ११ सप्टेंबरला पटपडगंज आणि १ नोव्हेंबरला लासवारी इथे लेकपुढे गेला. शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपियन दि बॉइनने उभ्या केलेल्या पलटणींचा पगार याच दुआबातल्या जायदादीतून (फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या मुलखातून) निघत असे. त्यांच्या तोफा आग्र्याच्या कारखान्यात ओतल्या जात. महादजींनी १७८४ पासून दहा वर्षं जे उभं केलं होतं, त्याचा पगार आणि कारखाना दोन्ही तीन महिन्यांत गेले. पानिपतानंतर माधवरावांकडे दख्खनची वसुली होती. १८०३ नंतर दौलतराव शिंद्यांकडे तेवढ्या पलटणी पुन्हा उभ्या करायला मुलूखच राहिला नव्हता.

म्हणून १८१७-१८ च्या लढायांना मी क्रमात खाली ठेवतो. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकी, त्यानंतरची येरवडा, २० फेब्रुवारी १८१८ ची अष्टी. बापू गोखले अष्टीला ज्या तडफेने पडले तिला तोड नाही. पण त्या वेळी पेशव्यांच्या राजधानीशेजारीच कंपनीच्या पलटणी कायमच्या तळ देऊन होत्या, आणि तो तळ वसईच्या तहाने बसवलेला होता.